श्वास रोखा, मी आहे

४ फेब्रुवारी

आज मला कामावर बोलावणं आलं. निवृत्त झाल्यापासून माझ्या आवाजाची आठवण कोणाला झालीच असेल तर ती खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला, आणि तीही तक्रार म्हणून. बसस्थानकावर हयात गेली माझी. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं" या चार शब्दांवर मी संसार केला, लेकीला शिकवलं. आता तिथे संगणकातली एक बाई बोलते. तिला 'फलाट' धड म्हणता येत नाही, पण तिला सर्दी होत नाही, असं साहेबांचं म्हणणं.

फोन मोठ्या रुग्णालयातून होता. तिथे नवं सीटी स्कॅन मशीन आलंय. हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम किती साचलंय ते मोजतं म्हणे. मोजताना पेशंटला श्वास रोखावा लागतो, आणि त्याची सूचना मशीनच देतं. पण मशीन परदेशी, त्याचे उच्चार असे की लोक रोखायच्या वेळी सोडतात आणि सोडायच्या वेळी "काय म्हणालात?" असं विचारतात. तर त्यांना आपल्या माणसाचा, आपल्या भाषेतला, दमदार आवाज हवाय. "काका, गावात तुमच्यासारखा आवाज दुसरा नाही," असं फोनवरची मुलगी म्हणाली. ती तिथली तंत्रज्ञ. लहानपणी हिच्याकडे पोहायला शिकली.

ही म्हणजे माझी बायको. नगरपालिकेच्या जलतरण तलावावर तिने निम्म्या गावाला पोहायला शिकवलं, अजूनही सकाळ-संध्याकाळ जाते. ही मुलगी पाण्याला इतकी घाबरायची की काठाची दांडी सोडायला तयार नसायची, म्हणून तिचं नाव गोगलगाय पडलं. आता एवढं मोठं मशीन चालवते, तरी आमच्या घरात ती गोगलगायच.

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार कष्ट पडत नाहीत. ताबडतोब हो म्हणून टाकलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सांगितलं तर मान वर न करता म्हणाली, "जा की." बस, एवढंच. कालही तलावावरून फार उशिरा आली होती, आल्यावर कोणाशी बोलली नाही. दमत असेल.

५ फेब्रुवारी

जिन्यात आज पुन्हा दुसऱ्या मजल्यावर थांबलो. तिथल्या लोकांनी दाराबाहेर कुंड्या ठेवल्यात, त्या मी हल्ली रोज बघतो. छातीत जरा दाटल्यासारखं होतं, पण ते पित्त आहे. थोडं थांबलं की जातं. ही पिशवी घेऊन मागे उभी होती. म्हणाली, "त्या कुंड्यांत काही नाहीये. नुसती माती आहे." हिला निसर्गाची आवड पहिल्यापासून कमीच.

दादा गेल्यापासून हिचा एकच धोशा, एकदा तपासून घ्या. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मागच्या वर्षी न्हाव्याच्या खुर्चीत बसला, अर्धी दाढी झाली आणि गेला. काही दुखलं नाही, खुपलं नाही. न्हाव्याला वाटलं डुलकी लागली. खरं कळल्यावरही त्याने उरलेली अर्धी दाढी हळू हाताने पूर्ण केली, मगच आम्हाला बोलावलं. ते आठवलं की मला अजून गलबलून येतं. पण म्हणून आपण होऊन डॉक्टरकडे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ज्याला शोधायचं असतं त्याला सापडतंच.

८ फेब्रुवारी

रुग्णालयात जाऊन मशीन बघून आलो. काय चीज आहे.

खोली थंडगार, इतकी स्वच्छ की मी आपोआप चपला बाहेर काढल्या आणि गोगलगाईने त्या पुन्हा घालायला लावल्या. मधोमध माणसापेक्षा उंच एक पांढरी कमान, तिच्या पोटात गोल भोक, आणि त्यातून आतबाहेर सरकणारं अरुंद टेबल. पलीकडे काचेआड गोगलगाईची खुर्ची आणि दोन पडदे.

मी म्हटलं, "कॅल्शियम म्हणजे चांगलंच की. मी रोज दूध पितो."

"हाडांत असलं तर चांगलं, काका," ती म्हणाली. "घरी पाणी उकळायची किटली आहे ना? तिला आतून पांढरा थर धरतो, तसा हा रक्तवाहिनीला धरतो. वर्षानुवर्षं. माणसाला पत्ता नसतो."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. हृदय कधी थांबत नाही, मग त्याचं चित्र काढायचं कसं? तर हृदयसुद्धा विसावतं. दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर. छातीला तारा लावून मशीन ठोके ऐकत राहतं, आणि नेमकं त्या विसाव्यात चित्र टिपतं. नाडी शांत असली की विसावा लांबतो आणि चित्र स्वच्छ येतं. जन्मभर माझ्या छातीत कोणीतरी काम करता करता असं जरा जरा टेकत होतं, आणि मला माहीत नव्हतं.

जुन्या मशीनमध्ये हा पांढरा थर फुगून दिसायचा, असं ती म्हणाली. मोहरीएवढा असला तरी वाटाण्याएवढा वाटायचा. "जुनं मशीन पोतं तोलून सांगायचं. हे दाणा दाणा मोजतं." असं समजावून सांगणारं माणूस मला आवडतं. पोरगी दांडी सोडत नव्हती, आणि आता बघा.

निघताना तिने विचारलं, "काका, तिसऱ्या मजल्यावर ना तुम्ही? जिना चढताना कसं वाटतं?" आजकालची मुलं कुठे अशी विचारपूस करतात?

१० फेब्रुवारी

रेकॉर्डिंग झालं. सकाळी मिठाच्या गुळण्या केल्या, दही वर्ज्य केलं, इस्त्रीचा शर्ट घातला. आवाजाला शर्ट दिसत नाही हे मलाही कळतं, पण घशाला कळतं.

"श्वास घ्या." थोडा विराम. "श्वास रोखा." मग मशीनचं काम होईपर्यंत शांतता, आणि "श्वास सोडा." एवढंच, पण एवढ्यातही काम दाखवता येतं. मी शेवटच्या अक्षराला किंचित उचल दिली. गोगलगाय म्हणाली, "वा." तिथल्या मुख्य डॉक्टर, ज्या स्कॅन वाचतात, त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाईचं नाही ना वाटत जरा?" मी म्हटलं, याला दम म्हणतात.

घरी येऊन हिला म्हणून दाखवलं. ही म्हणाली, "छान." आणि माझ्याकडे बघत राहिली. आवाजाकडे तिचं लक्ष नव्हतं असं मला उगाचच वाटलं.

१४ फेब्रुवारी

फजिती. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

गोगलगाईने बोलावून घेतलं. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मग बराच वेळ बिस्किटांबद्दलच बोलत राहिली. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. त्या बोलायला सरळ. म्हणाल्या, "काका, अडचण आहे. पेशंट टेबलावर शांत पडलेला असतो, नाडी साठच्या घरात. तुमचा आवाज लागला की पंच्याऐंशी."

मी म्हटलं, "आवाजात ताकद आहे."

"ताकद नाही, गाडी आहे. सगळ्यांना वाटतं, गाडी सुटतेय."

काल म्हणे एक भाजीवाली 'श्वास रोखा' ऐकताच तारांसकट उठून बसली आणि पिशवी शोधायला लागली. शाळेतले एक मास्तर निजूनच राहिले, पण पायांनी टेबलावर चालू लागले. आणि आमच्याच आगारातल्या एका म्हाताऱ्या कंडक्टरने माझा आवाज ऐकून डोळे मिटल्या मिटल्या वर हात केला आणि दोनदा घंटीची दोरी ओढली. तिघांचीही चित्रं हलली. विसाव्यात टिपायचं तर हृदयाने विसावायला नको का?

हसावं की रडावं कळेना. मी हसलोच, कारण त्या दोघी ओठ दाबून कशाबशा उभ्या होत्या. पण रस्त्याने येताना वाईट वाटलं. माझा आवाज ऐकून या गावात कोणाच्या जिवाला कधी विसावाच मिळाला नाही, असा त्याचा अर्थ होतो.

१६ फेब्रुवारी

गोगलगाय म्हणाली होती, "काका, घरी बोलता तसं बोला." म्हणून हिला विचारलं, मी घरी कसा बोलतो?

"तुम्ही घरी बोलत नाही," ही म्हणाली. "जाहीर करता."

"उगाच काहीतरी."

"काल अंघोळीला जाताना काय म्हणालात? 'मी अंघोळीला जात आहे.' दोनदा."

दुपारभर सराव केला. हळू आवाज, मऊ आवाज, अंगाईसारखा आवाज. स्वतःही श्वास रोखून बघत होतो, म्हणजे पेशंटला किती जमेल त्याचा अंदाज येतो. चौथ्या-पाचव्या वेळी छातीत दाटलं, जबडाही ठणकायला लागला. बोलून बोलून जबडा दुखणारच. पलंगावर बसलो. ही ताट पुसत होती. पुसून झालेलं ताट तिने पुन्हा पुसलं, मग पुन्हा. म्हणाली, "उद्या मीही येते तुमच्याबरोबर."

म्हटलं, चल. तेवढाच तुला विरंगुळा.

१७ फेब्रुवारी

आजचं सगळं नीट लिहायला हवं.

गोगलगाय स्वतः टेबलावर आडवी झाली, छातीला तारा लावून, आणि पडद्यावर तिची नाडी दिसत होती. मी तीन तऱ्हांनी बोललो. तिन्ही वेळा आकडा चढला. पोरगी शरमेने लाल. "सॉरी काका, मी मुद्दाम नाही करत. मला आपली शाळेची बस आठवते."

तेव्हा ती पडल्या पडल्या हिला म्हणाली, "बाई, तुम्ही बोला ना."

ही नको नको म्हणेल असं मला वाटलं. ती पुढे झाली. माइककडे बघितलंसुद्धा नाही. टेबलावरच्या मुलीकडे बघून, जणू ती कमरेएवढ्या पाण्यात उभी आहे आणि समोर घाबरलेलं लेकरू आहे, अशा आवाजात म्हणाली, "श्वास घ्या. रोखा. मी आहे."

पडद्यावरचा आकडा खाली आला. माझ्या डोळ्यांदेखत, एकेक करत, जसा दमलेला माणूस पायऱ्या उतरतो तसा. गोगलगाईने डोळे मिटले होते. मग ही म्हणाली, "सोडा," आणि त्या थंड खोलीत आम्ही सगळ्यांनीच श्वास सोडला. मी रोखला होता हेही मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "'मी आहे' हे सूचनेत बसत नाही खरं तर." मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, "असू दे. राहू दे ते."

पाण्यात डोकं घालायच्या आधी ही प्रत्येक मुलाला हेच सांगते. त्याला पोहता येत नसतं, श्वास धरता येत नसतो. कोणीतरी आहे, एवढंच त्याला पुरतं. मला तिने कधी शिकवलं नाही. म्हणजे विचारलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, आणि नंतर दर उन्हाळ्यात. मी काठावर टॉवेल धरून बसतो. पाण्यात उतरणाऱ्यांनी उतरावं, आपण टॉवेल सांभाळावा, हे माझं धोरण.

खोटं कशाला लिहू, घरी येईपर्यंत माझा जळफळाट चालू होता. एका दमात, एका फटक्यात, तेही साध्या साडीत आणि गुळण्या न करता. पण आवाजाचा धंदा केलाय मी. खरा आवाज कानावर पडला तर मला कळतो. इतकी वर्षं तो माझ्याच घरात होता आणि मी त्याच्यावर जाहीर करत बसलो.

२१ फेब्रुवारी

हिचा आवाज मशीनमध्ये चढला. लोकांच्या नाड्या शांत, चित्रं आरशासारखी. ती भाजीवाली परत आली आणि टेबलावरच झोपी गेली, तिला हलवून उठवावं लागलं. मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. ही म्हणते, दोनदा सांगितलंत.

आणि आज डॉक्टरीणबाईंनी मलाच बोलावलं. म्हणाल्या, "तुम्ही आवाजातले जाणकार. एकदा आत पडून ऐका, आवाज घुमतो का, शब्द नीट पोचतात का. पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. ही तपासणी खरीखुरी असेल. तुमच्या हृदयाचं मोजमाप होईल. कळलं ना?"

म्हटलं, हो हो, पण मुख्य आवाजाचं. जाणकार म्हणून कोणी बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं?

मग त्यांनी बरंच विचारलं. सिगारेट? सोडली. छातीत दाटतं? पित्त. जिना? कुंड्या बघायला थांबतो. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "किती दिवस बघताय कुंड्या?" म्हटलं, दोनेक महिने झाले असतील. "आणि थोरल्या भावांचं वय किती होतं?" म्हटलं, पासष्ट. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा.

दादाचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. न्हाव्याने सांगितलं असणार. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

२३ फेब्रुवारी

आज पडल्या पडल्या लिहितोय, अक्षर वाईट येईल.

सकाळी टेबलावर पडलो. टेबल सरकत कमानीच्या आत गेलं. वर पांढरं छत, नाकापासून हातभर. कुठूनतरी गरगर आवाज. मला वाटलं होतं मी आवाजाचा घुमारा तपासेन, शब्दांची फेक बघेन. तिथे एकटं पडल्यावर यातलं काही आठवेना. आठवला तो दादा. अर्धी दाढी झालेला.

मग ही बोलली. "श्वास घ्या. रोखा. मी आहे."

ही तलावावर सगळ्यांना घे, धर, सोड असंच म्हणते. त्या दिवशी टेबलावरही स्वतःचीच शिष्या होती. मग हे घ्या, रोखा ही कोणाला म्हणत होती? मला एकदम वाटलं की हे रेकॉर्डिंग जगात एकाच माणसासाठी आहे, बाकीचे लोक फुकट ऐकतात. मी श्वास रोखला. काही क्षणांचं काम, पण तेवढ्या वेळात माझ्या आत सगळं टेकलं. मला ते जाणवलं, शपथेवर सांगतो.

"सोडा." बाहेर आलो. म्हटलं, आवाज उत्तम पोचतो.

काचेआडची गोगलगाय हसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची देऊन पडद्यासमोर बसवलं. इतकं सुंदर चित्र माझं आजवर कोणी काढलं नसेल. करड्या रंगाचं माझं हृदय, लग्नाच्या फोटोतही मी एवढा स्पष्ट आलो नव्हतो. आणि त्याच्यावर पांढरेशुभ्र ठिपके आणि रेघा, कोणी चुन्याची बोटं पुसल्यासारखे. आकडा आला आठशे चाळीस.

मी विचारलं, "कितीपैकी?"

"यात शून्य मिळवणारा पहिला येतो, काका. चारशेच्या वर गेलं की आम्ही खूप म्हणतो."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. हा आकडा फक्त किती साचलंय ते सांगतो. रक्त कुठे अडतंय का, ते वेगळं बघावं लागतं. पण आकडा एवढा, आणि त्यातून तो जिना. "ते पित्त नाही, काका. दोन महिने हृदय तुम्हाला सांगतंय. आज घरी जायचं नाही. आजच हृदयाच्या डॉक्टरांकडे."

मी, ज्याचा आवाज पार पेट्रोल पंपापर्यंत जायचा, त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

बाहेर बाकावर ही बसली होती. शेजारी पिशवी. पिशवीत माझा पायजमा, चष्मा, दात घासायचा ब्रश, आणि ही वही. मी म्हटलं, "तुला कसं कळलं ठेवून घेणार आहेत ते?" ती म्हणाली, "पिशवी असलेली बरी." हिच्या दूरदृष्टीला तोड नाही. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, मला भीती वाटतेय. एकदाच म्हणालो. तिने माझा हात धरला तो वॉर्डात पोचेपर्यंत सोडला नाही.

२५ फेब्रुवारी

मनगटातून बारीक नळी घालून हृदयापर्यंत गेले. मी जागा होतो. मुख्य रक्तवाहिनी एका जागी नव्वद टक्के बुजलेली. तिथे स्टेंट घातला, म्हणजे जाळीची बारीकशी नळी, ती वाट उघडी धरून ठेवते. तिथे रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं. मी आपला मनातल्या मनात 'मी आहे, मी आहे' म्हणत होतो. ते हिच्या आवाजात ऐकू येत होतं.

हृदयाचे डॉक्टर तरुण आहेत, कमी बोलतात. हातमोजे काढता काढता एवढंच म्हणाले, "वेळेवर आलात." हा शब्द मी आयुष्यात लाखो वेळा उच्चारला असेल. इतका गोड कधी लागला नव्हता.

लेक रात्रीच्या गाडीने आली. तिने आल्या आल्या मला रागावून घेतलं, मग खूप रडली.

२ मार्च

घरी. जिना हळूहळू चढलो. दुसऱ्या मजल्यावर सवयीने थांबलो, पण दाटलं वगैरे काही नाही. ही म्हणाली, "बघा, कुंड्या बघून घ्या."

बघितल्या. नुसती माती आहे. इतके दिवस मी काय बघत होतो देव जाणे.

११ मार्च

गोगलगाय फळं घेऊन भेटायला आली. ही तलावावर गेली होती. मी मशीनचं कौतुक करत होतो. म्हटलं, तुमच्या त्या दाणा दाणा मोजणाऱ्याने वाचवलं मला. आणि खरं तर माझ्या आवाजानेच वाचवलं म्हणायचं, कारण तुम्ही आवाजासाठी बोलावलं नसतंत तर मी तिकडे फिरकलो नसतो.

ती सफरचंद कापत होती. म्हणाली, "आवाज तर आम्ही बाईंचाच घेणार होतो." आणि जीभ चावली.

मग मिठाची गुळणी धरून बसली. मी पण हयातभर चौकशीच्या खिडकीशेजारी बसलेला माणूस आहे, माणसांना बोलतं करणं मला येतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. मला फोन यायच्या आदल्या संध्याकाळी ही तलावावरून थेट त्यांच्याकडे गेली होती. गोगलगाईने आधीच विचारून ठेवलं होतं, बाई, मशीनमध्ये तुमचा आवाज द्याल का? ही म्हणाली, देईन, पण आधी ह्यांना बोलवा. डॉक्टरकडे चला म्हटलं तर हे येणार नाहीत. तुमच्या आवाजाची गरज आहे म्हटलं तर धावत येतील.

"आणि मग बाई रडल्या, काका. मी त्यांना पाण्यात इतकी वर्षं बघितलंय, कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकदा येऊ देत, जिन्याचं आम्ही विचारतो."

माझ्या रेकॉर्डिंगचं काय, असं मी विचारलं. म्हणजे ते भाजीवालीचं वगैरे खरं होतं का?

"ते अगदी खरं होतं," ती म्हणाली. "ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं."

ती गेल्यावर ही वही काढली. राग यायला हवा होता. शोधला, पण सापडला नाही. मी मोठा चतुर, आणि सगळ्या गावाने मिळून मला लहान मुलासारखं बोट धरून तिथवर नेलं. त्या त्या दिवशी मी इथे काय लिहिलंय ते उलटून वाचलं. दमत असेल. विरंगुळा. दूरदृष्टी. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. हिला काही बोललो नाही.

१९ एप्रिल

काल हृदयाच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. चालणं जमतंय, आता पाण्यात हळूहळू हातपाय मारायला हरकत नाही म्हणाले. ही बाहेर बसली होती. मी आतच विचारून घेतलं आणि बाहेर येऊन तिला सांगितलं. एकदाच सांगितलं. तिने मला ते पुन्हा सांगायला लावलं.

आज सकाळी तलावावर गेलो. उथळ बाजूला सहा-सात वर्षांची पोरं आणि त्यांच्यात मी, चड्डी आणि टोपी घालून. एका पोराने विचारलं, आजोबा तुम्ही दांडी धरणार का? म्हटलं, धरणार. टॉवेल काठावर ठेवला. त्याला सांभाळायला आज कोणी नव्हतं.

ही आधीच पाण्यात उभी होती. मी पायरीवर बसून पाय आत सोडले. पाणी गार होतं. महिनाभर मनात ठेवलं होतं, ते तिथे निघालं.

"तू आधी गोगलगाईकडे गेली होतीस," मी म्हणालो. "माझ्यावर एवढा मोठा डाव टाकलास."

ती थोडा वेळ पाण्यावर हात फिरवत राहिली. तिला ठाऊक होतं की मला कळलंय. तिला नेहमीच ठाऊक असतं.

"सगळ्या गावाची गाडी तुम्ही कधी चुकू दिली नाहीत," ती म्हणाली. "तुमची मी कशी चुकू देईन?"

मी पायऱ्या उतरलो. पाणी गुडघ्यावर आलं, कमरेवर आलं, छातीवर आलं. दांडी एका हाताने धरली होती, ती सोडली. तिने दोन्ही हात पुढे केले.

"श्वास घ्या," ती म्हणाली.

घेतला.